उत्तर आयर्लंडची शांतता एकट्या मिचेलनी आणली नाही

एक पोस्ट सगळीकडे फिरतेय, की उत्तर आयर्लंडमध्ये तीस वर्षं रक्तपात चालू होता, तिथले पुढारी नुसते भांडत होते, मग अमेरिकेने जॉर्ज मिचेलना पाठवलं, त्यांनी सगळ्यांना बसवून १९९८ ला करार करून घेतला आणि विषय संपला. म्हणून जिथे युद्ध आहे तिथे असाच दमदार मध्यस्थ पाठवा, लोकल पार्ट्यांचा गोंधळ नको.

मिचेलचा पेशन्स खरंच मोठा होता, त्यांचं श्रेय कोणी काढून घेत नाहीये. पण ही गोष्ट अशी घडलेलीच नाही.

"मिचेलनी करार करून घेतला". उत्तर आयर्लंडचं सरकार दोन्ही समाजांनी (ब्रिटनमध्येच राहू पाहणारे, बहुतेक प्रोटेस्टंट युनियनिस्ट, आणि आयर्लंडशी जोडू पाहणारे, बहुतेक कॅथलिक नॅशनलिस्ट) मिळून कसं चालवायचं हा सगळ्यात नाजूक भाग, त्या चर्चेचं अध्यक्षपद मिचेलकडे नव्हतंच, ते ब्रिटिश सरकारकडे होतं, आणि तो प्रश्न सुटला ९ एप्रिलच्या रात्री अल्स्टर युनियनिस्ट पक्ष आणि नॅशनलिस्टांचा एसडीएलपी पक्ष समोरासमोर बसले तेव्हा. त्याच आठवड्यात मिचेलनी जो मसुदा वाटला त्यातला उत्तर-दक्षिण संस्थांचा, म्हणजे उत्तर आयर्लंड आणि आयर्लंड यांच्या एकत्र संस्थांचा भाग लंडन आणि डब्लिनने (ब्रिटिश आणि आयरिश सरकारने) तयार केला होता, तो युनियनिस्टांनी धुडकावला आणि पुन्हा लिहावा लागला. आणि मिचेल यायच्या कितीतरी आधी, १९८८ पासून, एसडीएलपीचे जॉन ह्यूम हे आयआरए या सशस्त्र गटाच्या जवळच्या शिन फेन पक्षाच्या जेरी अ‍ॅडम्सशी बोलत होते, त्यासाठी त्यांनी प्रचंड टीका सोसली. १९९८ चं शांततेचं नोबेल ह्यूम आणि अल्स्टर युनियनिस्टांचे डेव्हिड ट्रिंबल या दोन लोकल नेत्यांना मिळालं ते उगाच नाही.

"छोट्या पार्ट्या म्हणजे गोंधळ". हे मला सगळ्यात जास्त खटकतं. चर्चेला कोण बसणार हे ठरवणाऱ्या मे १९९६ च्या निवडणुकीत मुद्दाम असा नियम ठेवला होता की पहिल्या दहा पक्षांना प्रत्येकी दोन जादा जागा, म्हणजे छोटेही टेबलावर येतील. काही आठवड्यांपूर्वी उभी राहिलेली विमेन्स कोएलिशन ही महिलांची पार्टी जेमतेम एक टक्का मतांवर आत आली, मोनिका मॅकविल्यम्स आणि पर्ल सागर, एक कॅथलिक एक प्रोटेस्टंट. त्यांना सभागृहात गाईसारखं हंबरून चिडवलं गेलं, तरी हिंसेतले पीडित, दोन्ही समाजांच्या मुलांचं एकत्र शिक्षण, हे मुद्दे करारात आले त्यात त्यांचा मोठा वाटा आहे. याच नियमाने यूव्हीएफ आणि यूडीए या युनियनिस्ट बाजूच्या सशस्त्र गटांच्या जवळचे पक्षही आत आले. जानेवारी १९९८ मध्ये यूडीएच्या कैद्यांनी चर्चेचा पाठिंबा काढला तेव्हा ब्रिटिश सरकारच्या उत्तर आयर्लंड मंत्री मो मोलम स्वतः मेझ तुरुंगात जाऊन त्यांना भेटल्या, कारण ती माणसं बाहेर गेली असती तर कागदावरच्या सह्यांना काय अर्थ राहिला असता?

लोकांना बाजूला ठेवून वरून करार लादणं तर करूनही झालं होतं. दोन्ही समाजांनी सत्ता वाटून घेण्याचा सनिंगडेलचा १९७३ चा करार दोन्हीकडच्या कट्टर गटांना वगळून झाला, मे १९७४ मध्ये युनियनिस्ट कामगारांच्या संपाने कोसळला. १९८५ ला लंडन-डब्लिनने आपसात करार केला, युनियनिस्टांना विचारलंच नाही, बेलफास्टचे रस्ते माणसांनी भरून गेले.

"विषय संपला" तर अजिबात नाही. करारावर २२ मे १९९८ ला सार्वमत झालं, सुमारे ८१ टक्के मतदान, ७१ टक्के लोक हो म्हणाले. डीयूपी ही कट्टर युनियनिस्ट पार्टी १९९७ लाच चर्चेतून उठून गेली होती, पुढे तीच युनियनिस्टांची सगळ्यात मोठी पार्टी झाली, २००२ ला बंद पडलेलं सरकार डीयूपीचे इयन पेझ्ली आणि शिन फेनचे मार्टिन मॅकगिनेस एकत्र बसायला तयार होईपर्यंत, म्हणजे मे २००७ पर्यंत, सुरूच होऊ शकलं नाही.