बेघरांची सेवा: नवशिक्यांसाठी युक्त्या

बेघरांसाठी काम करायचं मनात आहे? वा! कोकणात या कामाला फार वाव आहे. इथे बेघर थोडे आणि बंद घरं भरपूर. दोघांची गाठ घालून दिली की झालं. चिपळुणात काही वर्षं हेच करतोय, म्हणून चार गोष्टी सांगतो.

आधी ब्लँकेटं वाटा. तीही जूनमध्ये. स्टँडवर निजलेल्याला रात्री अकराला उठवा, ब्लँकेट पांघरा, फोटो काढा. सकाळी ते भिजून धोंड्यासारखं जड होतं आणि कुबट वास मारतं, पण फोटो कोरडा राहतो.

कागदपत्रांना घाबरू नका. रेशनकार्डाला आधार लागतं, आधारला पत्ता, पत्त्याला घर. असो.

निवाऱ्याचीही चिंता नको. शहरी बेघरांसाठी लाख वस्तीमागे एक निवारा असा निकष आहे. २०११ च्या जनगणनेत आपलं शहर ५५ हजारांचं. म्हणजे अर्धा निवारा हक्काचा! भिंती घ्यायच्या की छप्पर, एवढंच ठरवायचं. पाऊस बघता मी छप्पर म्हणतो.

कायदा पाठ करा. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७, कलम १००: रस्त्यावर भटकणाऱ्या आजारी माणसाला उपचारापर्यंत पोचवणं आणि त्याचे नातेवाईक शोधणं हे पोलिसांचं कर्तव्य. कोणालाही म्हणून दाखवा, लोक मान डोलावतात आणि चहा पाजतात.

आता खरी युक्ती. नातेवाईक सापडले की प्रश्न सुटतो.

मला गेल्या महिन्यात सापडले. स्टँडवरचे एक काका, साठीचे. सहा महिने गोळ्या चालल्या, हळूहळू माणसांत आले आणि एक दिवस चहा पिता पिता वाडीचं नाव बोलले, अंगणातल्या फणसासकट. गेलो. फणस होता. घरही होतं, चिऱ्याचं, पाच खोल्यांचं. पडवीला ग्रील, ग्रीलला कुलूप. सातबाऱ्यावर बावीस नावं, त्यात अकरावं काकांचं. मुंबईला भावाला फोन लावला.

"जिवंत आहे?" सुरात आनंद नव्हता. "सही करण्याइतका बरा आहे काय?"

म्हटलं, आहे.

"मग नको. हिस्सा मागेल."

आणि बरा नसता तर?

"मग तर नकोच. गणपतीत पाहुणे असतात."

किल्ली शेजाऱ्याकडे. तो म्हणाला, घर रिकामं कुठे, आत देव आहेत. बरं, पडवीत एक खाट तरी टाकू दे. तर म्हणे, वाडीची बैठक घ्यावी लागेल. घेतली. अठरा घरांची वाडी, चौदांना कुलपं. उरलेल्या चार घरांनी एकमताने ठरवलं, अनोळखी माणूस वाडीत नको. अनोळखी! ज्याच्या बापाने तुमच्या देवळाचे चिरे डोक्यावरून वाहिले तो!

मग शहरात भाड्याची खोली बघितली. पाच दारं झाली. "तसली माणसं नकोत हो, पोरंबाळं आहेत."

राहू द्या युक्त्या. २२ जुलै २०२१ आठवतोय? वाशिष्ठी नदी बाजारपेठेत शिरली तेव्हा कोण कोणाच्या गच्चीवर होतं? मी ज्यांच्याकडे भिजलेला पोचलो त्यांनी मला पत्त्याचा पुरावा विचारला नाही, बैठक बोलावली नाही, टॉवेल दिला. तुम्हालाही कोणीतरी दिलाच असेल. आणि आज तुम्हीच दारातून हाकलता? घरं वाळवीला दिलीत, वटवाघळांना दिलीत, ज्याचं नाव कागदावर आहे त्याला पडवी देताना हात आखडतो! लाज कशी वाटत नाही? आणि त्या ब्लँकेटांवर आपली नावं छापून घेता!

काका स्टँडवरच आहेत. काल विचारत होते, यंदा फणस धरला का. धरला हो. अंगणात गळून कुजतोय. किल्लीवाल्याला आता खायचा कंटाळा आलाय.