‘सहा तासांत दोन मासे’ या तुमच्या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार,

तुमचा अभिप्राय काल रात्री वाचला. आज सकाळी त्या दिवशी तुमच्यासोबत असलेल्या गाइडशी बसून बोलले आणि मगच हे लिहायला घेतलं. तुम्ही एक तारा दिलात. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: हिवाळ्यात छोट्या ओढ्यावर फ्लायने, म्हणजे गळावर पिसं-दोरा बांधून केलेल्या खोट्या किड्याने, ट्राउट मासे धरायला आलात, पहाटे निघायची तयारी असताना तुम्हाला साडेदहापर्यंत थांबवलं, सहा तासांत दोनच मासे लागले आणि तेही वीतभर, समोर मोठे मासे दिसत असताना तिथे गळ टाकू दिला नाही, लागलेला मासा हातात उंच धरून फोटो काढू दिला नाही, डावा पाय भिजला, आणि शेवटी ठरल्यापेक्षा तासभर आधी गुंडाळलं.

यातल्या दोन गोष्टींत चूक सरळसरळ आमची आहे. आधी त्या सांगते.

वेडर, म्हणजे ओढ्यात उतरताना घालायची पाणी आत न येऊ देणारी विजार, गळका होता. तुम्ही परत दिलेला जोड मी काल आतून पाण्याने भरून टांगला आणि बाहेरून कोरड्या फडक्याने पुसून पाहत राहिले. दोन-तीन मिनिटांत डाव्या घोट्याच्या वर, शिवणीच्या कडेने, मोहरीएवढे थेंब उगवले. उन्हाळ्यात एवढ्याशा गळतीने काही बिघडत नाही, मोजा ओला होतो इतकंच. पण पाणी ३-४ अंशांवर असताना ओला पाय म्हणजे खेळ नाही. पावलं बधिर झाली की दगडावरचा तोल जातो, आणि थंडीत ओढ्यात पडणं ही आमच्या कामातली सगळ्यात वाईट शक्यता. तुमचा पाय भिजल्याचं कळल्यावर गाइडने दिवस आवरता घेतला तो याच कारणाने. निर्णय बरोबर होता. पण त्याने तुम्हाला कारण नीट सांगितलं नाही, ‘आता निघू या’ एवढंच म्हणाला, आणि तुम्हाला वाटलं की आम्ही एक तास मारला. तसं वाटणं साहजिक आहे. यापुढे थंडीतला प्रत्येक वेडर आदल्या दिवशी पाणी भरून तपासला जाईल. हे काम मी स्वतःकडे घेतलं आहे.

दुसरी चूक फोनवरची, आणि फोन मीच घेतला होता. ‘मासे मिळतील ना?’ असं तुम्ही विचारलंत आणि मी म्हणाले, ‘ओढ्यात मासे भरपूर आहेत.’ ते खरं आहे. पण ओढ्यात भरपूर असणं आणि कडाक्याच्या थंडीत गळाला भरपूर लागणं यात फार अंतर आहे, आणि ते मी त्याच वाक्यात सांगायला हवं होतं. हिवाळ्यात लहान ओढ्यावर तीन-चार मासे लागले तर आम्ही त्याला चांगला दिवस म्हणतो. आमच्या नोंदवहीत शून्याचे दिवसही आहेत, आणि ते कमी नाहीत. शिवाय आमच्या पानावरचा तो मोठ्या ट्राउटचा फोटो उन्हाळ्यातला आहे. तो पाहून थंडीतल्या दिवसाची कल्पना करणाऱ्याची फसगत होणारच. फोटो आज काढून टाकला आहे.

आता ज्या गोष्टींत मी गाइडच्या बाजूने उभी आहे त्या.

उशिरा निघणं हा आळस नव्हता. ट्राउट थंड रक्ताचा मासा. पाणी जेवढं थंड तेवढं त्याचं सगळं शरीर सावकाश चालतं, खाल्लेलं पचायलाही वेळ लागतो. ब्राउन ट्राउटची वाढ साधारण ४ अंशांच्या खाली जवळपास थांबलेली असते. अशा वेळी तो खाण्यासाठी इकडेतिकडे धावत नाही, खोल, संथ डोहाच्या तळाशी शक्ती राखून पडून राहतो. घास अगदी तोंडासमोरून गेला तर घेतो, एरवी नाही. त्यामुळे एखाद्या अंशाचाही फरक आम्हाला मोठा असतो. त्या दिवशीच्या नोंदी माझ्यासमोर आहेत: १०.४० ला पाणी २.५ अंश, १२.५० ला ४.५, आणि २.४० ला पुन्हा ४. तुमचे दोन्ही मासे साडेबारा ते दीडच्या दरम्यान लागले. पहाटे सहाला गेलो असतो तर चार तास फक्त बोटं गोठवून घेतली असती.

पहाटेची आणखी एक अडचण तुम्ही ओढ्यावर पोहोचल्यावर थोडी पाहिलीत. निरभ्र, कडक थंडीच्या रात्री वाहत्या पाण्यात बर्फाचे बारीक कण धरतात आणि तळाच्या दगडांना चिकटून पांढरट थर तयार होतो. ऊन चढलं की हा थर सुटतो आणि भुगा होऊन धारेतून वाहू लागतो. त्या भुग्यात फ्लाय तळापर्यंत जातच नाही. दोरावर बर्फ चढतो, रॉडच्या कड्या बुजतात. पाऊण तास तुम्ही काठावर बसून होतात तो हा भुगा वाहून जाण्यासाठी. आणि दुपारी ऊन असूनही पाणी पुन्हा गार का झालं, असं तुम्ही गाइडला विचारलंत म्हणे. चांगला प्रश्न आहे. उन्हाने काठावरचा बर्फ वितळतो आणि ते शून्याजवळचं पाणी ओढ्यात उतरतं. मोठ्या नदीत ते जाणवायला वेळ लागतो, लहान ओढ्यात लगेच जाणवतं. म्हणून हिवाळ्यात आमच्या हाती दोन-अडीच तासच असतात, आणि तेही रोज नाही. गाइडने निवडलेला पट्टा झऱ्याच्या खालचा होता. जमिनीतून येणारं पाणी वर्षभर जवळपास एकाच तापमानाचं असतं, थंडीत ते ओढ्यापेक्षा उबदार ठरतं आणि मासे त्याच्या आसपास सरकतात.

आता त्या ‘सगळ्यात चांगल्या जागे’बद्दल. यावर मी जरा लांब लिहिणार आहे, कारण अख्ख्या अभिप्रायात मला सगळ्यात जास्त हेच लागलं.

तुम्ही लिहिलंत, ‘उथळ पाण्यात दोन मोठे मासे स्पष्ट दिसत होते आणि गाइड आम्हाला ओढून दुसरीकडे घेऊन गेला.’ ती जागा मी ओळखते. डोह संपतो आणि पाणी उथळ होऊन वेग धरतं, तिथला खडीचा पट्टा. आजूबाजूचे दगड शेवाळाने काळपट, आणि मधोमध घमेल्याएवढा, लांबट, धुतल्यासारखा स्वच्छ फिकट डाग. नीट पाहिलंत तर वरच्या अंगाला किंचित खळगा दिसतो आणि त्याच्या खाली खडीचा उंचवटा. ते ट्राउटचं घरटं. मादी कुशीवर वळते आणि शेपटीचे तडाखे देत खडी उडवते. खळग्यात अंडी घालते, नर त्यांवर रेत सोडतो, मग ती थोडं वर सरकून पुन्हा खडी उकरते आणि ती खाली वाहून अंड्यांवर पांघरूण बनते. ब्राउन ट्राउट हे शरदाच्या अखेरीला आणि हिवाळ्याच्या सुरुवातीला करतो. तुम्हाला दिसलेली ती उशिरा आलेली जोडी होती. ते मासे खायला आलेले नव्हते. समोर फ्लाय आली तर चिडून झडप घालतात, आणि मग आधीच थकलेलं शरीर गळाशी झुंजण्यात संपतं.

बरं, मासे निघून गेले तरी ती जागा मोकळी होत नाही. ५ अंशांच्या पाण्यात अंडी फुटायला अडीच-तीन महिने लागतात. फुटल्यावरही पिल्लं पोटाला बलकाची पिशवी घेऊन कित्येक आठवडे खडीच्या फटीतच राहतात. त्या सगळ्या काळात वरून एक माणूस चालत गेला तर काय होतं, हे मोंटानामधल्या दोन संशोधकांनी १९९२ साली प्रसिद्ध केलं. अंडी फुटायच्या बेतात असताना एकदाच पाय पडला तरी ४३ टक्क्यांपर्यंत मेली, आणि वाढीच्या पूर्ण काळात रोज दोनदा चाललं तर ९६ टक्क्यांपर्यंत. मोठ्या नदीत घरटी पसरलेली असतात. आमचा ओढा जागोजागी दोन उड्यांत ओलांडता येतो, आणि घरट्यालायक खडीचे पट्टे त्यात मोजकेच. एका पट्ट्यावर रोज पावलं पडत राहिली तर त्या वर्षीची पिढी तिथे जवळपास उरणार नाही.

म्हणूनच गाइडने तुम्हाला ओढा पंचवीस-तीस पावलं खाली नेऊन मोठ्या धोंड्यांवरून ओलांडायला लावला. तुम्हाला तो वळसा वाटला. ‘तिथे नको’ एवढं म्हणून थांबण्याऐवजी त्याने तुम्हाला काठावर उभं करून तो फिकट डाग बोटाने दाखवायला हवा होता. दाखवला असता तर तुम्हीच मागे सरला असता, अशी माझी खात्री आहे. पण त्या जागेवर गळ टाकू देण्याचा प्रश्न आमच्याकडे कोणासाठीच येत नाही. त्यासाठी तारा कमी झाले तरी चालतील.

फोटोचंही असंच. हवा शून्याच्या खाली होती. कल्ल्यांचे तंतू अत्यंत नाजूक आणि ओले असतात, अशा हवेत काही क्षणांत गोठायला लागतात. मासा पोहत निघून जातो, पण कल्ले दुखावलेले असतात. म्हणून हातमोजे काढून, हात ओले करून, मासा पाण्यातच ठेवायचा. गळाचा उलटा दात आम्ही आधीच पक्कडीने चेपलेला असतो, त्यामुळे तो पाण्यातच सुटतो. गाइडने तुमच्या दुसऱ्या माशाचा पाण्यातला फोटो काढला आहे: तुमचे लालबुंद झालेले तळवे आणि त्यांत लाल ठिपक्यांभोवती फिकट निळसर कडं असलेला मासा. तो तुम्हाला पाठवते आहे. मला तो आमच्या पानावरच्या त्या जुन्या फोटोपेक्षा कितीतरी आवडला.

‘दिसतही नाहीत असल्या फ्लाय दिल्या’ ही तक्रार राहिली. थंडीत ओढ्यात मुख्यतः न चावणाऱ्या बारीक चिलटांच्या अळ्या आणि कोश असतात, म्हणून २० आणि २२ नंबरचे अगदी बारीक गळ, आणि त्यांना साजेसा ०.१३ मिलिमीटरचा टिपेट, म्हणजे दोराच्या टोकाचा, फ्लाय बांधायचा बारीक धागा. तो तुटतो, तुमचा तीनदा तुटला, त्यात तुमची चूक नाही. थोड्या खोल पाण्यासाठी दिलेली फेझंट टेल निम्फ (पाण्यातल्या किड्याच्या पिल्लासारखी दिसणारी, बुडणारी फ्लाय) ही इंग्लंडमधल्या एव्हन नदीचे राखणदार फ्रँक सॉयर यांची. ते दोऱ्याऐवजी तांब्याची बारीक तार वापरून ती बांधत, त्या तारेच्या वजनानेच ती झटकन बुडते. तुमचे दोन्ही मासे तिच्यावरच लागले. थंडीत मासा झटका देत नाही, वाहत आलेला दोर नुसता थबकतो, जणू पानाला अडकला. गाइडच्या मते असं तुमच्या बाबतीत आणखी चार वेळा झालं. ते ओळखायला शिकवण्यासाठी पहिला अर्धा तास त्याने तुमच्या खांद्याशी उभं राहायला हवं होतं. तो पुढची जागा बघायला गेला. हे मी त्याच्याशी बोलले आहे आणि त्याला पटलं आहे.

गळका वेडर आणि फोनवरचं माझं अर्धवट उत्तर, या दोन्हींसाठी मनापासून माफी मागते. त्या दिवसाचे निम्मे पैसे आजच परत पाठवले आहेत. अभिप्राय बदला अशी विनंती मी करणार नाही, तुम्हाला जे वाटलं ते तुम्ही लिहिलंत.

पुन्हा यायचं मनात आलं तर रात्री फार गोठलेलं नाही आणि आभाळ भरून आलेलं आहे असा दिवस निवडू, तेव्हा पाण्याचं तापमान टिकून राहतं. त्या दिवशी मी स्वतः सोबत येईन. पायात दोन जोड मोजे कोंबू नका. बूट घट्ट झाला की रक्त खेळत नाही आणि पाय जास्तच गारठतात. लोकरीचा एकच जोड घाला, सुती नको. आणि वसंतात, त्या खडीतून पिल्लं वर येतात तेव्हा, रॉड न घेता नुसतं बघायला यायचं असेल तर तसंही कळवा. काठाजवळच्या संथ पाण्यात ती बोटाच्या पेराएवढी असतात आणि सावली पडली की एकदम दगडांखाली शिरतात.