शेपूची पेंडी आणि नावडतीचं मीठ

परवा बेळगावच्या गणपत गल्लीत पालेभाजीवाल्या मावशींनी न विचारताच शेपूच्या दोन पेंड्या माझ्या पिशवीत कोंबल्या. मी म्हटलं, "मावशी, मी शेपू खात नाही." तर म्हणाल्या, "तू खात नाहीस म्हणून घरातल्यांनी काय पाप केलंय गे?" आणि पैशासाठी हात पुढं. दिले. त्यांचं खरंच होतं. घरात शेपूवर जीव टाकणारी दोन माणसं आहेत, सासूबाई आणि माझा मुलगा. आणि पेंडी सुटली की खिडकीकडं पळणारी एक मी.

रिक्षात बसल्यापासून डोक्यात तेच घोळत होतं, म्हणून लिहायला बसले. लांब होणार आहे, आधीच सांगते.

माझं माहेर खानापूर तालुक्यात, जंगलाच्या अंगाला. सासर निपाणीकडचं. जिल्हा एकच, पण ताटं बघाल तर दोन मुलखांची. आमच्याकडं तिन्ही त्रिकाळ भात, पावसाळ्यात सुकी मासळी, आणि फणस लागले की महिनाभर नुसता फणस. तिकडं ज्वारीची भाकरी, झुणका, खर्डा आणि आठवड्यातनं चार दिवस पालेभाजी. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात ताटात मूगडाळ घातलेला शेपू आला. वास कसा, तर बडीशेप, खोकल्याचं औषध आणि ओलं गवत एकाच खलबत्त्यात कुटल्यासारखा. पहिला घास पाण्याबरोबर गोळीसारखा गिळला. पण शेपूचा खरा त्रास खाताना नाही, नंतर आहे. संध्याकाळपर्यंत ढेकरेतून हजेरी लावत राहतो.

आत्या (सासूबाईंना आमच्यात आत्या म्हणतात) म्हणाल्या, "हुईल गे सवय." सोळा वर्षं झाली. झाली नाही.

आपल्याकडं एखादा पदार्थ आवडत नाही म्हटलं की लोक आधी तुमच्या आईचं वळण काढतात. "माहेरात लाडावून ठेवलीया." मग "एकदा माझ्या हातचा खाऊन बघ." आणि शेवटी ठेवणीतलं, "गाढवाला गुळाची चव काय!" आता सगळं सांगूनच टाकते. मला कुंदाही आवडत नाही. बेळगावात राहून! पुण्याच्या नणंदेकडं जाताना दरवेळी दोन डबे घेते, गाडीत मांडीवर सांभाळून नेते, आणि तिथं तिनं वाटीत वाढला की "तुम्हीच खावा, आम्हाला काय, रोजचाच" म्हणून सुटते. खवा आटवून आटवून तपकिरी करतात ती कारागिरी मला मान्य आहे, पण दुसऱ्या चमच्याला माझे दात शिवशिवतात. गोकाकचं करदंट मात्र कितीही द्या. कन्नडमध्ये करिद अंट म्हणजे तळलेला डिंक, त्यावरनं ते नाव. दाताला चिकटतं म्हणून निम्मे लोक त्याला नावं ठेवतात, मला ते चिकटणंच आवडतं.

मी शाळेत विज्ञान शिकवते. दरवर्षी सातवीच्या वर्गात एक खेळ करते. नाक घट्ट दाबा, डोळे मिटा, आणि मी हातावर देते ते चावा. बडीशेप देते. नाक दाबलेलं असेपर्यंत सगळे म्हणतात, "बाई, नुसतं गोडसर लागतंय." नाक सोडलं की एकदम ओरडतात, "बडीशेप!" ज्याला आपण चव म्हणतो तिच्यातला बराच भाग म्हणजे घशाच्या मागून नाकात चढणारा वास असतो. शेपू मी याच युक्तीनं गिळत आले. ढेकर येते तेव्हा मात्र नाक दाबून उपयोग नसतो, ती आतूनच येते.

आणि नाकं सगळ्यांची सारखी नसतात. शेपूच्या बियांना, म्हणजे आपल्या बाळंतशेपाला, ज्याच्यामुळं तो वास येतो त्याचं नाव कार्व्होन. गंमत म्हणजे च्युइंगगममध्ये असतो त्या स्पिअरमिंट जातीच्या पुदिन्यातही कार्व्होनच असतं. रेणू तोच, फक्त आरशातल्यासारखा उलटा. डावा आणि उजवा हात जसे, तसा. एवढ्याशा फरकानं एकाचा पुदिना होतो, दुसऱ्याचा बाळंतशेपा. मग माझ्या नाकात आणि आत्यांच्या नाकात एखादा फरक असला तर त्यात माहेरचं वळण कुठं आलं?

मुलाचं बघा. शेपू दोन वाट्या खाणारा हा पोरगा कोथिंबिरीला हात लावत नाही. आमटीवर पेरलेली दिसली की एकेक पान उचलून ताटाच्या काठाला लावतो, चिकट्या मुंग्या वेचल्यासारखं. "आई, साबण लागतोय." चार वर्षं मी त्याला रागावले. कोथिंबीर नको म्हणणारा आमच्या दोन्ही घरांत कुणी जन्मला नव्हता. मग कधीतरी वाचनात आलं. २०१२ साली सुमारे २५ हजार लोकांच्या जनुकांचा अभ्यास झाला होता, त्यात कोथिंबीर साबणासारखी लागण्याचा संबंध वास ओळखणाऱ्या ओआर६ए२ या जनुकाजवळच्या एका फरकाशी दिसला. कोथिंबिरीत अल्डिहाइडं नावाची वासाची रसायनं असतात, तशीच साबणात आणि काही ढेकणांच्या वासातही. जनुकाचा प्रभाव तसा लहानच, सगळं काही त्याच्यावर ढकलता येत नाही. पण पोरगा खोटं बोलत नव्हता, एवढं मला पुरलं. पानं वाटली की त्यातली एंझाइमं ही अल्डिहाइडं मोडायला लागतात असंही वाचलं होतं. म्हणून कोथिंबीर, मिरची, शेंगदाणे वाटून चटणी तासभर झाकून ठेवली. त्यानं बोट लावून चाखली, जरा विचार केला आणि म्हणाला, "साबण थोडा धुतलाय."

त्याच्या शेपूचं मूळ मला ठाऊक आहे, असं मी मानते. बाळंतपणात आत्यांनी मला सव्वा महिना शेपू आणि बाळंतशेपा खायला घातला. दूध येतं, पोट धरत नाही, बाळाला बरं. मी नाक दाबून खात होते आणि हा बिनतक्रार पीत होता. २००१ मध्ये अमेरिकेतल्या मोनेल संस्थेत ज्युली मेनेला यांनी काही बायकांना गरोदरपणात, तर काहींना अंगावर पाजत असताना गाजराचा रस प्यायला दिला होता. त्यांच्या बाळांनी पुढं गाजराच्या चवीची पेज इतर बाळांपेक्षा आवडीनं खाल्ली. माझ्या एका पोरावरून मी सिद्धांत मांडत नाही. पण आत्यांना हे सांगितलं तेव्हापासून त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला "अमेरिकेनं आता सांगितलं, मी आधीच खाऊ घातला" असं ऐकवतात.

तर हे झालं नाकाचं न आवडणं. त्याला कुणाचा इलाज नाही आणि त्याची लाजही नको. मला बोलायचंय ते दुसऱ्या न आवडण्याबद्दल.

लग्नानंतर तीन वर्षं आम्ही बेळगावात एका घरात खाली भाड्यानं होतो, मालक वर. जुलैची झड लागलेली. समुद्रावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, ओली मासळी मिळायची मारामार. आमच्या गावाकडं म्हणूनच उन्हाळ्यात सुकं भरून ठेवतात. भावानं गावाकडनं बोंबील आणि सुकट आणून दिलेली. खिडक्या लावल्या, दाराच्या फटीला ओला टॉवेल घातला आणि बोंबील चिमट्यात धरून गॅसवर भाजला. तो भाजताना आधी कडा वळतात, मग तेल सुटून टिक् टिक् वाजतो, आणि जो वास सुटतो... मला तर माझ्या आजीची चूलच दिसते. दहा मिनिटांत मालकीणबाई दारात. नाकाला पदर. "अहो, घरात काही मेलंय का?"

मेलाय की, बोंबील मेलाय, मे महिन्यातच, अरबी समुद्रात. हे मी म्हटलं नाही. "उंदीर असेल, बघते," म्हटलं. स्वतःच्या आजीच्या चुलीला मी उंदीर म्हणाले, ते अजून खुपतं. दोन महिन्यांनी निरोप आला, मुलाचं लग्न ठरतंय, खोल्या लागतील. आम्ही निघालो. त्या मुलाचं लग्न अजून व्हायचंय असं ऐकते.

मालकीणबाई मराठीच होत्या, बरं का. कृपा करून कमेंटमध्ये सीमाप्रश्न आणू नका.

तुम्ही म्हणाल, त्यांनाही वास सहन होत नसेल, तुझं शेपूचं तसं त्यांचं बोंबलाचं. बरोबर आहे. वास नको असेल तर "नको" म्हणायचा हक्क त्यांना होताच. "आम्हाला त्रास होतो, मागच्या अंगणात भाजाल का?" एवढं म्हणाल्या असत्या तर मी छत्री धरून अंगणात भाजला असता. मी शेपूपासून पळते, पण शेपू खाणाऱ्यांना घर नाकारलेलं नाही. आपल्याकडं म्हण आहे ना, नावडतीचं मीठ अळणी. मीठ बिचारं तेच असतं, नावडती ती असते. सुकटीला नाक मुरडणाऱ्या पुष्कळांचं नाक सुकटीवर नसतंच, सुकट खाणारे कोण यावर असतं. तेच लोक गोव्याला गेले की हॉटेलात सुकटीचंच किसमूर मागवून फोटो टाकतात.

हे लिहिताना मी फार शहाणी वाटू नये म्हणून पुढचं.

कॉलेजला असताना हॉस्टेलवर माझ्या खोलीत बैलहोंगलकडची एक मुलगी होती. घरनं येताना कडक भाकरीची चवड आणायची, पापडासारखी मोडणारी जोळद रोट्टी, आणि बरणीत गुरेळाची, म्हणजे कारळ्याची, चटणी. काळीभोर, वरनं तेलाचा तवंग. पहिल्या रात्री तिनं भाकरीवर ती चटणी पसरली आणि मी बाकीच्या दोघींना मराठीत म्हटलं, "शी, भाकरीला ग्रीस लावून खातीया बघ." तिघी हसलो. ती खाली मान घालून जेवली. नंतर आम्ही मेसवरनं यायच्या आतच तिचं जेवण उरकलेलं असायचं. मला वाटलं, लवकर भूक लागत असेल.

तिला मराठी नीट समजत होतं. आईच तिची चिकोडीकडची. हे मला दोन वर्षांनी कळलं, तेही दुसऱ्याकडनं.

पुढं नोकरीला लागल्यावर तिनंच एकदा शेतावर बोलावलं. चरग होता, शेतात नैवेद्य शिंपडतात तो सण. पोचल्या पोचल्या तिची अव्वा "ऊट आतेन्री?", म्हणजे जेवण झालं का, म्हणाली आणि उत्तराची वाट न बघता केळीचं पान मांडलं. मैत्रीण वाढायला आली. भाकरी ठेवली, पुंडीची भाजी, म्हणजे अंबाडी, वांगं, लोण्याचा गोळा. मग बरणी उघडली, चमचा हवेतच धरला आणि शुद्ध मराठीत विचारलं, "ग्रीस वाढू काय नको?"

मी पान नुसतं पुढं सरकवलं. चटणी लोण्याबरोबर खाल्ली, आणि ती इतकी चांगली लागली की लाज आणखी वाढली. आता माझ्या घरात कारळ्याची बरणी कधी रिकामी नसते. तिच्या घरी मात्र बोंबील चालत नाही. तिनं एकदा सरळ सांगितलं, "वास नको गे मला," आणि मी तिच्यासाठी झुणका करते.

आत्यांचं तर आणखीच वेगळं. गळ्यात माळ आहे, मासळी त्यांना वर्ज्य. तरी मी बोंबील काढला की त्या कधी काही बोलत नाहीत. "पोथी ऐकून येते," म्हणतात आणि शेजारी जाऊन बसतात. शेजारी पोथीबिथी काही नसते, टीव्हीवर मालिका असते, हे आम्हा दोघींना माहीत आहे.

आत्ता हे लिहितेय तर आत्या मागच्या दारात शेपू निवडत बसल्यात. आत पंख्याखाली बसून निवडता येतं, पण सोळा वर्षांत त्यांनी शेपू कधी आत निवडलेला नाही. मी त्यांना कधी तसं सांगितलेलंही नाही. काड्या पेपरवर, पानं चाळणीत, लसूण सोलून बाजूला. मुलगा दोनदा डोकावून गेला. पहिल्यांदा विचारलं, कधी होणार. दुसऱ्यांदा, "आज्जी, त्यात कोथिंबीर नाही ना?"

मला दही-भात आहे.