सदर भिंत ही भिंत नाही

काल दुपारी शाळेतून अर्ध्या दिवसाची रजा घेऊन मी एका ग्रामपंचायतीच्या कार्यालयात बसलो आणि मी उभारलेली भिंत ही भिंत नाही, असे स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहून दिले. सोबत आधार कार्डाची झेरॉक्स जोडली, कारण भिंत खोटी असली तरी ती खोटी असल्याचे सांगणारा माणूस खरा असावा लागतो. या अपमानाला अजून पुरता एक दिवसही उलटलेला नाही, तेव्हा पुढच्या मजकुरात कुठे तोल सुटला तर वाचकांनी सांभाळून घ्यावे.

प्रकरण थोडक्यात असे. माझा भाचा मुंबईत चित्रपटाचे शिक्षण घेतो आणि शेवटच्या वर्षी त्याला एक लघुपट करून द्यायचा होता. कथेत कोकणातले एक जुने माजघर, त्यात एक आजी आणि मुंबईहून न येणारा तिचा मुलगा एवढाच ऐवज होता. (हा मुलगा असल्या सगळ्याच लघुपटांत येत नाही. एखाद्यात तरी त्याने वेळेवर यावे, अशी माझी फार दिवसांची इच्छा आहे.) मी हायस्कुलात चित्रकला शिकवतो, एलिमेंटरी आणि इंटरमीजिएटच्या परीक्षांना मुले बसवतो, गणपतीच्या मखरापासून स्नेहसंमेलनाच्या पडद्यापर्यंत सगळे माझ्याच गळ्यात पडते, आणि मुख्य म्हणजे मी मामा आहे. मामाला मानधन किती, हे विचारायचे नसते.

आता, वेंगुर्ले आणि मालवण यांच्या दरम्यान, जिथे एकाआड एक घर कुलूप लावून उभे आहे, तिथे खोटे माजघर कशाला बांधायचे, असा प्रश्न कोणालाही पडेल. मलाही पडला होता. पण खऱ्या माजघरात भर दुपारी दिवा लावावा लागतो, कॅमेरा चार पावले मागे न्यायचा म्हटला तर पाठीला भिंत लागते, आणि कुलपाची किल्ली ज्याच्याकडे असते तो बोरिवलीला असतो व ती त्याला परस्पर देता येत नाही, कारण घरावर ठाण्याच्या आणि बडोद्याच्या चुलतभावांचाही हक्क असतो. म्हणून भाच्याच्या वडिलोपार्जित जागेत, आंब्याच्या पॅकिंग शेडला लागून असलेल्या खळ्यात, उघड्यावर तीन भिंतींचे माजघर उभारायचे ठरले. छप्पर मुद्दामच ठेवले नाही. दिवे भाड्याने आणायला पैसे नव्हते, तेव्हा वर मांजरपाट ताणायचे आणि सूर्याकडून काम करून घ्यायचे. मूकपटांच्या काळात आपल्याकडे असेच चालत असे, त्यामुळे त्यात कमीपणा वाटण्याचे कारण नव्हते.

आठ बाय चारचे, चार मिलिमीटर जाडीचे प्लायवूड, त्याच्या पाठीला रिपांची चौकट, सांध्यांवर फेविकॉलात बुडवलेली कापडाची पट्टी, तिच्यावर लांबी म्हणजे रंगाऱ्याची पुट्टी, आणि दुपारच्या वाऱ्याने सगळे घर आडवे होऊ नये म्हणून मागून तिरके टेकू व त्यांच्या पायाशी वाळूची पोती, असा एकंदर पाया होता. एक भिंत नटबोल्टवर ठेवली होती, म्हणजे कॅमेऱ्याला जागा हवी झाली की ती उचलून बाजूला करता येत असे. रंगाची गोष्ट मात्र वेगळी. पांढराशुभ्र चुना कॅमेऱ्यात डोळ्यांवर येतो, म्हणून सफेदीत कावेचे पाणी आणि चहाचा काढा घातला. दारातून दिसणारा पडवीचा चिरा थर्मोकोलचा होता. त्याला तापल्या सळईने जांभ्याची भोके पाडली आणि पाण्यातला रंग दिला, कारण ऑइलपेंट दिला असता तर त्यातल्या थिनरने तो चिरा रंगासकट खाऊन टाकला असता. कोनाड्यात चिमणी ठेवून खरी काजळी धरली. खुंटीच्या खाली, जिथे तीन पिढ्यांचे ओले पंचे लोंबले असते, तिथे ओलीचा डाग रंगवला. त्या डागाविषयी मी येथे अधिक लिहीत नाही, पण तो डाग पाहून माझ्या बायकोने, भिंतीला पाणी कुठून लागते आहे, असे विचारले होते. जमीन शेणाने सारवलेली, खरी. दार फणसाच्या लाकडाचे, एका मोडलेल्या घराचे, तेही खरे आणि माझ्या पैशांनी घेतलेले. दारावर सावलीची रेघ पडावी म्हणून कॅमेरा सांभाळणाऱ्या मुलाच्या आग्रहावरून मंगलोरी कौलांची एकच रांग बसवली.

ती रांग बसली आणि आबा आले.

आबा हे भाच्याच्या भावकीतले. त्यांच्या एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत घडी घालून ठेवलेला सातबारा असतो, आणि यांपैकी सातबारा ते बारमाही वापरतात. त्यांनी आधी भिंतीला बाहेरून एक पूर्ण फेरी मारली, मग टेकूंच्या मधून वाकून पाठीमागचे प्लायवूड पाहिले, बोटाच्या पेराने ते ठोकले, आवाज ऐकून समाधानाने मान हलवली आणि पुढे येऊन मला विचारले, "मास्तरानू, ह्या घर कोणाचा?"

मी म्हणालो, "आबा, हे घर नाही. पिक्चरसाठी केलेला देखावा आहे. शूटिंग झाले की काढून टाकणार."

आबा म्हणाले, "पिक्चर जातलो, घर रवतला."

कोकणातल्या जमिनीच्या वादांचा सगळा इतिहास या चार शब्दांत असल्यामुळे मला लगेच उत्तर सुचले नाही. तेवढ्यात त्यांनी छत्रीचे टोक कौलांच्या रांगेकडे नेले. "पागोळ्यो खंय पडतल्यो?"

मी वर आकाशाकडे पाहिले. डिसेंबर महिना होता, आकाशात ढगाचा ठिपका नव्हता. मी म्हणालो, "आबा, या घराला छप्परच नाही. पागोळ्या पडणार कुठून?"

"छप्पर नाय ता माका दिसता. पण उद्या घालूचा मनात इला तर?"

ज्या प्रदेशात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो, तिथे पागोळीचे पाणी कोणाच्या हद्दीत पडते यावरून भाऊ भावाशी बोलेनासा होतो, हे मला ठाऊक आहे आणि त्यात हसण्यासारखे काही नाही. परंतु ती जमीन सामाईक होती. तिची वाटणी कधी झालेलीच नव्हती. सातबाऱ्यावर नावांची जी माळ होती तिच्यात भाच्याच्या वडिलांचेही होते आणि आबांचेही होते, त्यामुळे पागोळी कुठेही पडली असती तरी ती आबांच्या हिश्श्यात पडलीच असती, आणि त्याच न्यायाने भाच्याच्या वडिलांच्याही. हे मी त्यांना समजावून सांगितले. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "म्हणजे तुमका पटला." एवढे बोलून त्यांनी विषय बदलला, दाराची दिशा पाहिली आणि विचारले, "दक्षिणेक दार कित्याक ठेवलात? यमाक बोलावतास काय?"

थंडीत सूर्य दक्षिणेला कललेला असतो, दार दक्षिणेला ठेवले की उन्हाची तिरीप आजीच्या पायापर्यंत येते, असे मी म्हणालो. आबांनी आजीचे काम करणाऱ्या बाईंकडे पाहिले आणि, त्या ऐकत असतानाच, मग तर यमाचे काम सोपेच झाले, अशा अर्थाचे काहीतरी पुटपुटले.

त्यानंतर ते रोज येऊ लागले. येताना स्वतःची खुर्ची आणीत. चुना सुकायला लागला की तो कसा लावायला हवा होता हे सांगत, उंबरठा दोन बोटे कमी आहे असे सांगत (तो कमी नव्हता, मी खऱ्या घरातला मोजून आणला होता), आणि एकदा तर मी ओलीच्या डागाला शेवटचा हात देत असताना त्यांनी मागून अत्यंत गंभीरपणे सुनावले, "दशावतारात एका बाकड्यार इंद्राचो दरबार जाता. तुमका ह्या सगळा कित्याक होया?"

हे मला लागले. लागले अशासाठी, की ते खरे आहे. जत्रेत मध्यरात्री देवळासमोर एक बाकडे ठेवतात, बाजूला पेटी, पखवाज आणि झांज असते, आणि पहाटेपर्यंत तेच बाकडे सिंहासन होते, पलंग होते, पाहिजे तर डोंगर होते. राजा त्यावर बसला की दरबार भरतो, उठला की अरण्य सुरू होते. तिथे कोणी प्लायवूड आणीत नाही आणि चहाचा काढाही करीत नाही. मी आबांना कोल्हापूरचे उदाहरण दिले. बाबूराव पेंटर नाटकांचे पडदे रंगवता रंगवता चित्रपटात आले आणि रंगवलेल्या पडद्यांच्या जागी त्यांनी खोली असलेली, आत शिरता येईल अशी दृश्ये उभी केली. त्यांच्याच हाताखाली तयार झालेले फत्तेलाल हे १९२९ साली निघालेल्या प्रभात कंपनीच्या पाच मालकांपैकी एक होते. म्हणजे ज्या माणसाने भिंती उभ्या करायच्या तो मालकांच्या पंक्तीत बसत असे. पुढे १९३३ मध्ये ही कंपनी पुण्याला गेली आणि तिच्याच जागेत १९६० मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट आली. आबांनी सगळे ऐकले आणि विचारले, "ती जागा सामाईक होती?"

इथपर्यंत मी हसण्यावारी नेले असते. पण चित्रीकरणाच्या आदल्या रात्री अवकाळी सर आली. मांजरपाट पोटाशी पाणी धरून बसले, एका भिंतीचे प्लायवूड कडेने फुगले, आणि पहाटे मी ते चेपत असताना आबा एका शब्दाने काही न बोलता मला दाराबाहेर घेऊन गेले. कौलांच्या रांगेखाली, ओल्या मातीत, पागोळ्यांनी पाडलेल्या छिद्रांची एक सरळ रेघ उमटली होती. आबांनी शेजारच्या पोराला बोलावून तिचा मोबाईलवर फोटो काढून घेतला, प्रमाण कळावे म्हणून बाजूला छत्री आडवी ठेवून.

अनधिकृत बांधकामाचा अर्ज त्या फोटोसह गेला. तो त्यांनी चित्रीकरणाच्या मधल्या सुट्टीत लिहिला, कारण तोपर्यंत भाच्याने त्यांना लघुपटात शेजाऱ्याची भूमिका दिली होती. "मामा, काय चेहरा आहे रे त्यांचा!" असे तो मला म्हणाला.

तर काल मी त्या कार्यालयात गेलो. मला वाटले होते की बाजू मांडायची म्हणजे चार शब्द बोलायचे. पण साहेब म्हणाले की लेखी द्या, आणि मजकूरही त्यांनीच सांगितला: सदर ठिकाणी उभारण्यात आलेली भिंत ही भिंत नसून भिंतीचा देखावा आहे, तिच्यामध्ये कोणीही वास्तव्य करू शकत नाही, ती ऊन, वारा व पाऊस यांपासून कोणतेही संरक्षण देत नाही. शाळेतल्या मुलांच्या चित्रांवरही मी कधी इतका कठोर शेरा मारलेला नाही. आबा शेजारी बसले होते. त्यांनी अशी पुरवणी सुचवली की, सदर भिंत भविष्यातही खरी होणार नाही, अशी हमी मास्तरांनी द्यावी. साहेबांनी थोडा विचार केला आणि तीही घालायला लावली.

हेही मी गिळले असते. पण सही करता करता मी, केवळ माहिती म्हणून, पाहणीला आलेल्या शिपायाला विचारले की बाबा रे, तू तिथे गेलास तेव्हा तुला क्षणभर तरी ते घर वाटले की नाही? तो म्हणाला, "छे हो मास्तर. लांबूनच कळतं की. अर्ज केला म्हणून गेलो." म्हणजे ज्या भिंतीच्या खरेपणाबद्दल माझ्यावर तक्रार होती, तीच भिंत तक्रार तपासणाऱ्याला लांबूनच खोटी दिसत होती, आणि या दोन्ही गोष्टींचा भुर्दंड एकाच माणसाला बसत होता. बांधकाम केले म्हणून मी गुन्हेगार आणि ते नीट केले नाही म्हणून मी अडाणी.

घरी आलो तर भाच्याने कच्चे संकलन पाठवले होते. मी ते मोबाईलवर पाहिले, मग डोळ्यांवर विश्वास बसेना म्हणून शाळेच्या संगणकावर उतरवून आज सकाळी पुन्हा पाहिले. कॅमेऱ्यासाठी त्यांनी ८५ मिलिमीटरची लेन्स भाड्याने आणली होती, आणि तिचे भाडे माझ्या तिन्ही भिंतींच्या खर्चाहून अधिक होते. ती एफ १.४ वर, म्हणजे आतले छिद्र चांगले मोठे करून, उघडली की आजीच्या डोळ्याची एकेक पापणी मोजून घ्यावी इतकी स्पष्ट दिसते आणि डोळ्यामागचे सगळे जग धुक्यात जाते. कोनाडा, काजळी, खुंटी आणि तो ओलीचा डाग मिळून एक तपकिरी ढग झाला आहे. त्या मुलाला एवढेच हवे होते तर आजींच्या मागे एक जुनी चादर धरली असती तरी चालले असते, आणि चादर धरायला मी मोकळाच होतो. हे त्याने आधी सांगायला हवे होते. कोणती लेन्स लावणार, हे मी विचारलेही होते, आणि "मामा, ते सेटवर बघू" असे उत्तर मिळाले होते.

आबा मात्र लख्ख आले आहेत. दारात उभे, उन्हाची तिरीप बरोबर चेहऱ्यावर, वर कौलांच्या सावलीची रेघ. त्यांना नारळ, शाल आणि पाकीट मिळाले. शेवटच्या नामावलीत त्यांचे पूर्ण नाव आहे, चहावाल्याचे पूर्ण नाव आहे, आणि कलाविभागाच्या पुढे नुसते "मामा" लिहिले आहे.

रविवारी मी प्लायवूड उतरवणार आहे, तशी अट लेखी दिलेली आहे. आबांचा निरोप आला आहे की दार आणि कौले हलवू नयेत, सामाईक जमिनीवर उभे राहिले ते सामाईकच, आणि त्यांच्या गोठ्याला दार नाही. भाच्याला फोन केला तर तो म्हणाला, "देऊन टाक रे मामा, पुढच्या फिल्ममध्येही आबा लागणार आहेत." रंगाच्या दुकानातले बिल अजून माझ्या नावावर आहे. दुकान शाळेच्या वाटेवरच पडते आणि दुकानदार सकाळी लवकर उघडतो.