तीन मिलिमीटरची खिंड

दिवाळीच्या किल्ल्यावर मांडायची मातीची चित्रे मी गेली ४० वर्षे जमवत आलो आहे. मावळे, भालदार, तोफा, डोक्यावर घडे घेतलेल्या गवळणी, गुहेतला वाघ आणि त्या वाघाशी कसलाही संबंध नसलेला एक पैलवान, असे सगळे मिळून १८२ जण पुण्यातल्या आमच्या दिवाणखान्यात, पाच फूट रुंद, चार फूट उंच आणि एक फूट खोल अशा काचेच्या शोकेसमध्ये राहतात. बहुतेकांचे मूळ गाव कसबा पेठेतला कुंभारवाडा. किल्ल्यावर असताना ही मंडळी ओल्या मातीत, अळिवाच्या कोवळ्या रोपांत घोट्यापर्यंत रुतून उभी राहत आणि त्याबद्दल कोणाची तक्रार नसे. काचेमागे गेल्यापासून मात्र त्यांच्या खांद्यांवर बसलेली धूळ हा आमच्या घरातला कायमचा विषय झाला आहे.

ही धूळ पुसता येत नाही. या चित्रांवरचा रंग पाण्याने सुटतो, हे ज्ञान मला एका मावळ्याच्या मिशांची किंमत मोजून मिळाले. ओल्या फडक्याचा एकच हात फिरला आणि तो रांगडा गडी पंचवीस वर्षांनी तरुण झाला. तेव्हापासून त्याला सैन्यातून काढून मी गवळणींच्या शेजारी उभा केला आहे. पिसांच्या झटकण्याने धूळ जात नाही, ती फक्त मुक्काम हलवते, आणि पिसे भाल्यांना अडकून पडतात. उरतो तो संग्रहालयांतल्या जाणकारांचा मार्ग: चित्रकलेच्या मऊ कुंचल्याने धूळ अलगद सुटी करायची आणि शेजारीच व्हॅक्यूम क्लीनरची नळी, तोंडाला जाळीचे कापड बांधून, धरून ठेवायची. एका मावळ्याला पाच मिनिटे लागतात. म्हणजे १८२ जणांना १५ तास १० मिनिटे. तीन रविवार खर्ची घालून मी शेवटच्या तोफेपर्यंत पोहोचलो, तेव्हा पहिला भालदार पुन्हा राखाडी झाला होता.

मग मी धुळीच्या वाटा शोधायला बसलो. शोकेसला सरकत्या काचा आहेत, आणि त्या एकमेकींवरून सरकाव्यात म्हणून दोघींच्या मध्ये तीन मिलिमीटरची फट सुतारानेच ठेवलेली असते. हवेतल्या ज्या धुळीला पीएम १० म्हणतात, तिचा कण फार तर १० मायक्रॉनचा असतो. मी गणित केले. त्या फटीतून असे ३०० कण खांद्याला खांदा लावून एका वेळी आत शिरू शकतात. बाजीप्रभूंनी घोडखिंड ३०० मावळ्यांनिशी लढवली असे आपण शाळेपासून ऐकत आलो. माझ्या खिंडीत ३०० हा आकडा शत्रूच्या पहिल्या रांगेचा होता.

खिंडीत मी केसाळ पट्टी चिकटवली. मागच्या प्लायवूडच्या कडा आणि दिव्याची वायर जाण्यासाठी पाडलेले भोक मेणाने बुजवले. काचा तर सकाळ-संध्याकाळ कोरड्या कापडाने इतक्या घासल्या की त्या नसल्यासारख्या दिसू लागल्या. पुढे लक्षात आले की कोरडी काच घासली की तिच्यावर विद्युतभार साचतो, आणि हिवाळ्याच्या कोरड्या हवेत तो लवकर ओसरत नाही. म्हणजे मी काच साफ करत नव्हतो, धुळीला आवतण देत होतो.

खरा फितूर मात्र घरातच होता. कोणी पाहुणे आले की मी शोकेसमधले २५ वॅटचे चार पिवळे दिवे लावतो, आणि ते गेल्यावर विझवतो. दिव्यांनी आतली हवा तापते, फुगते आणि फटींतून बाहेर पडते. दिवे विझले की ती आकसते आणि तेवढीच हवा बाहेरून आत ओढली जाते. आमच्या शोकेसमध्ये सुमारे ५६६ लिटर हवा मावते. तापमान दहा अंशांनी चढून उतरले तर सुमारे १९ लिटर हवेची ये-जा होते, आणि ही आत येणारी हवा सिमेंटचा रस्ता गेले वर्षभर खोदून ठेवलेल्या आमच्या गल्लीतली असते.

“म्हणजे आपली शोकेस श्वास घेते,” मी हिला सांगितले.

“अहो, मग तिला शिंका कशा येत नाहीत?” ही म्हणाली. काही संग्रहालयांत गाळलेली हवा सतत कपाटात सोडतात, म्हणजे फटींतून वारा बाहेरच वाहतो, असेही मी पुढे म्हणालो. त्यावर ही म्हणाली, “आपल्या खोलीत एसी नाही, तो आधी मावळ्यांना बसवा.”

त्यामुळे मी शेवटचा उपाय केला. सगळे दिवे काढले, काचा बंद केल्या आणि खिंडीपासून चौकटीच्या चारही कडांपर्यंत सिलिकॉन भरून टाकले. हा पदार्थ वाळताना व्हिनेगरचा वास सोडतो, हे मला ठाऊक नव्हते. चार दिवस दिवाणखान्यात मावळ्यांचे लोणचे घातल्यासारखा वास दरवळत होता. पण धूळ थांबली. महिना गेला तरी पैलवानाची दंडबेटकुळी चकाकत राहिली, आणि मी रोज संध्याकाळी टॉर्च घेऊन पाहणी करू लागलो.

मग गणपती आले. विसर्जनाच्या मिरवणुकीतले ढोल-ताशा पथक नेमके आमच्या खिडकीखाली थांबले, तावदाने थरथरली आणि शोकेसमधला एकच गडी पडला. तो बिनमिशांचाच होता. शेजारच्या गवळणीच्या पायाशी तो असा काही पालथा पडला आहे की येणारा प्रत्येक पाहुणा बाकीच्या १८० जणांना सोडून आधी त्या दोघांकडेच बघतो. त्याला उठवायचे तर सिलिकॉन कापावे लागेल, काच सरकवावी लागेल आणि गल्लीतली हवा आत येईल. ही म्हणते, “आता दिवाळीलाच उठवा, तोवर प्रकरण मिटेल.” पडताना त्याचे नाक फुटले आणि चिमूटभर तांबडी धूळ गवळणीच्या पायांवर सांडली. ती बाहेरून आलेली नाही, एवढे मी प्रत्येक पाहुण्याला टॉर्च मारून दाखवतो.