उतरलात तर सलामी द्या

सप्टेंबर २०२५ मधला एक शनिवार-रविवार माझ्या मनातून अजून जात नाही. शनिवारी, १३ तारखेला, वेलिंग्टनला दक्षिण आफ्रिकेने ऑल ब्लॅक्सना ४३-१० असं धुतलं. न्यूझीलंडच्या रग्बी संघाचा आजवरचा हा सगळ्यात मोठ्या फरकाचा पराभव. शेवटची शिट्टी वाजली आणि घामाने निथळणारे दोन्हीकडचे खेळाडू एकमेकांच्या हातात हात देत फिरले. सोमवारी इथे न्यूझीलंडमध्ये पहाट, म्हणजे दुबईत रविवारची रात्र होती तेव्हा, आशिया चषकात भारताने पाकिस्तानला सात गडी राखून हरवलं. सूर्यकुमार यादवने षटकार मारला, शिवम दुबेशी हात मिळवला आणि दोघे सरळ आत निघून गेले. पाकिस्तानचे खेळाडू मैदानावर थांबले होते. नाणेफेकीच्या वेळीही कप्तानांनी हात मिळवले नव्हते.

मी कामावर जायला निघालो तेव्हा आमच्या कोल्हापूरच्या घरच्या ग्रुपवर दीडशेहून जास्त मेसेज येऊन पडले होते. जवळजवळ सगळेच खूश होते. मी एवढंच लिहिलं की, मला हे पटलं नाही. धाकट्या चुलतभावाचा लगेच फोन आला. "दादा, तू तिकडं बसून काय सांगतोयस? पहलगामला सव्वीस माणसं गेली. त्यातली सहा आपल्या महाराष्ट्रातली. डोंबिवलीची, पुण्याची, पनवेलची. त्यांच्या घरी जाऊन सांगशील का हे, हात मिळवा म्हणून?"

नाही सांगू शकणार. त्याच्या रागातला एक शब्दही मी खोटा मानत नाही. पण त्याला फोनवर जे नीट सांगता आलं नाही ते इथे लिहितो, कारण गेली चौदा वर्षं मी न्यूझीलंडमधल्या हॅमिल्टनमध्ये राहतो, आणि जुन्या वैऱ्याशी खेळायचं की नाही या प्रश्नावर हे गाव एकदा उभं फाटलेलं आहे.

आधी २८ ऑक्टोबर २०२३ च्या रग्बी विश्वचषकाच्या अंतिम सामन्याबद्दल, न्यूझीलंड विरुद्ध दक्षिण आफ्रिका. पॅरिसला शनिवारची रात्र होती, आमच्याकडे रविवार सकाळचे आठ. आमच्या भागातल्या रग्बी क्लबने हॉल सातलाच उघडला होता. तव्यावर सॉसेज आणि कांदा परतत होता, पोरं झोपेच्या कपड्यांतच आली होती. मागच्या भिंतीशी एका लांब टेबलावर हिरव्या जर्सीतली दक्षिण आफ्रिकेची मंडळी बसली होती. हॅमिल्टनमध्ये त्यांची बरीच घरं आहेत. माझ्याबरोबर दूध पावडरच्या कारखान्यात काम करणारा केपटाउनचा एक फिटर त्यांच्यात होता. मी काळ्या जर्सीत, पुढच्या रांगेत, शेजारच्या आजोबांच्या बाजूला.

रग्बी न पाहणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. पहिला अर्धा तास व्हायच्या आत न्यूझीलंडचा कप्तान सॅम केन याने उंच टॅकल केला, म्हणजे समोरच्याला खांद्याच्या वर धडकून अडवलं. आधी पिवळं कार्ड मिळालं, मग व्हिडिओ तपासून ते लाल झालं. पुरुषांच्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात लाल कार्ड पाहणारा तो पहिलाच खेळाडू. त्यानंतर जवळपास पन्नास मिनिटं न्यूझीलंडला पंधरातला एक माणूस कायमचा कमी. तरीही सामन्यातला एकमेव ट्राय, म्हणजे समोरच्यांच्या रेषेपलीकडे चेंडू टेकवणं, त्यांचाच, बोडन बॅरेटचा. त्याआधी ॲरन स्मिथचा ट्राय रद्द झाला, कारण बऱ्याच आधी लाइनआउटमध्ये (बाजूच्या रेषेवरून चेंडू आत फेकतात तेव्हा) चेंडू हातून पुढे निसटला होता. दक्षिण आफ्रिकेचे सगळे बारा गुण हांद्रे पोलार्डच्या चार पेनल्टी किकचे. शेवटच्या दहा मिनिटांत जॉर्डी बॅरेटला लांबून एक पेनल्टी मिळाली. लागली असती तर न्यूझीलंड पुढे गेलं असतं. चेंडू खांबाबाहेरून गेला. पिवळं कार्ड मिळून बाहेर बसलेला चेस्लिन कोल्बे जर्सी तोंडावर ओढून बसला होता, त्याला बघवत नव्हतं. १२-११. उपांत्यपूर्व आणि उपांत्य सामनाही दक्षिण आफ्रिका एकेका गुणानेच जिंकली होती.

हॉलमध्ये कुणी बोलेना. तव्यावरचा कांदा करपल्याचा वास आला तेव्हा कुणाच्या तरी लक्षात आलं की गॅस चालूच आहे. मग आजोबा उठले. हातातला चहाचा मग त्यांनी खुर्चीवर ठेवला आणि गुडघा धरत हळूहळू मागच्या टेबलाकडे गेले. हिरव्या जर्सीतला पहिला माणूस उभा राहिला, त्याने टोपी काढली. आजोबांनी त्याचा हात दोन्ही हातांत घेतला, मग पुढच्याचा, मग त्याच्या पुढच्याचा. एक बाई रडत होत्या, त्यांच्या खांद्यावर थोपटलं. त्यांच्या मागे आमची रांग लागली. मीही गेलो. माझा फिटर मित्र म्हणाला, "चौदा जणांनी आम्हाला घाम फोडला." त्यानंतर कपबशा धुता धुता भांडण झालंच. केनचं कार्ड लाल, तर त्यांच्या कप्तानाचं, सिया कोलिसीचं, पिवळंच कसं राहिलं? ट्रायच्या मागे इतकं लांब जाऊन तपासायचा अधिकार पंचांना होता का? तासभर वाद चालला आणि कुणीही मागे हटलं नाही.

इथले लोक संत आहेत असं मात्र मी म्हणत नाही. त्या सामन्याचे पंच वेन बार्न्स यांनी काही दिवसांतच शिट्टी खाली ठेवली. त्यांना आणि व्हिडिओ पंच टॉम फोली यांना इतक्या शिव्या आणि धमक्या आल्या की फोलींनी आंतरराष्ट्रीय सामन्यांतून बाजूला होणंच पसंत केलं. फोन हातात असला की माणूस कुठलाही असो, हे करतो. तीनच आठवड्यांनी, १९ नोव्हेंबरला, अहमदाबादला आपण क्रिकेट विश्वचषकाचा अंतिम सामना हरलो, तेव्हा ऑस्ट्रेलियाच्या खेळाडूंच्या बायकांना काय काय लिहिलं गेलं ते मी वाचलं आहे. ग्लेन मॅक्सवेलची बायको विनी रमण हिला तर स्वतः भारतीय वंशाची असल्याबद्दल ऐकून घ्यावं लागलं. त्याबाबत आपण आणि इथले लोक सारखेच. फरक मला त्या हॉलमध्ये दिसला, माणसं समोरासमोर असतात तिथे.

तो फरक इथे लहानपणापासून हाडात भिनवतात. माझी मुलगी शनिवारी सकाळी रिपा रग्बी खेळते. कमरेच्या पट्ट्याला दोन फिती लावलेल्या असतात. अंगावर जायचं नाही, पळणाऱ्याची फीत ओढायची आणि "रिप!" म्हणून ओरडायचं. त्यानंतर ओढलेली फीत त्याच्या हातात परत द्यायची आणि मगच आपल्या जागी जायचं. सहा-सात वर्षांची पोरं, थंडीने नाकं लाल, चिखलात लोळलेली, पण फीत परत द्यायला विसरत नाहीत. सामना संपला की समोरच्या संघासाठी आणि पंचांसाठी तीनदा जयघोष. हरलेला संघ आधी ओरडतो.

त्या रविवारी गाडीतून घरी येताना आजोबांनी मला १९८१ सांगितलं. मला पुस्तकी माहिती होती. दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदाचं राज्य होतं, त्यांचा संघ गोऱ्यांसाठी. न्यूझीलंडने त्यांच्या आग्रहाखातर १९६० मध्ये माओरी, म्हणजे इथल्या मूळ रहिवासी, खेळाडूंना वगळून संघ पाठवला होता. १९७६ मध्येही न्यूझीलंडचा संघ तिथे गेला, म्हणून आफ्रिकेतल्या देशांनी माँट्रिअल ऑलिम्पिकवर बहिष्कार टाकला. तरी १९८१ मध्ये स्प्रिंगबॉक्सना, म्हणजे दक्षिण आफ्रिकेच्या रग्बी संघाला, इथे बोलावलं गेलं. ५६ दिवसांचा तो दौरा, दोनशेहून जास्त निदर्शनं, दीड लाखाहून जास्त माणसं रस्त्यावर, आणि देशाची लोकसंख्या तेव्हा तीस-बत्तीस लाख.

२५ जुलैला हॅमिल्टनच्या रग्बी पार्कवर सामना होता. साडेतीनशेच्या आसपास निदर्शक कुंपण पाडून मैदानाच्या मध्यावर घुसले आणि हातात हात गुंफून उभे राहिले. प्रेक्षकांनी शिव्या दिल्या, बिअरचे डबे फेकले. सामना रद्द झाला. पुढे मंडेला यांनी सांगितलं की रॉबेन बेटावरच्या तुरुंगात ही बातमी कळली तेव्हा सूर्य उगवल्यासारखं वाटलं.

आजोबा त्या दिवशी स्टँडमध्ये होते, अठ्ठावीस वर्षांचे. त्यांची सख्खी बहीण मैदानात होती. ते रस्त्याकडे बघत म्हणाले, "मीही डबा फेकला होता. भरलेला." बहीण सहा वर्षं त्यांच्याशी बोलली नाही. आज ते म्हणतात, तिचं बरोबर होतं.

या गोष्टीत मला दिसतं ते असं. बहिणीने सामनाच होऊ दिला नाही. तिचा राग खेळाडूंच्या हाताशी नव्हता, तो आपल्याच रग्बी मंडळावर आणि आपल्याच पंतप्रधानांवर, रॉबर्ट मल्डून यांच्यावर होता, ज्यांनी हा दौरा होऊ दिला. तिने अंगावर डबे झेलले. आणि अखेर तिच्या बाजूचं म्हणणं खरं ठरलं. सप्टेंबरमध्ये ऑकलंडच्या ईडन पार्कवर विमानातून पिठाच्या पिशव्या पडत असताना झालेल्या शेवटच्या कसोटीनंतर या दोन देशांत थेट १९९२ पर्यंत अधिकृत कसोटी झाली नाही. खेळ बंद म्हणजे बंद. वर्णभेदाचं राज्य जायला लागलं तेव्हा पुन्हा उतरले, आणि उतरले तेव्हा हात मिळवूनच.

वर्णभेद आणि दहशतवाद ही वेगळी प्रकरणं आहेत, ती एका मापाने मोजता येत नाहीत. पण नकार कसा द्यायचा हे मी केवळ परदेशातून शिकवत नाहीये. आपल्याच घरात त्याचा दाखला आहे. १९७४ मध्ये भारत टेनिसच्या डेव्हिस कपच्या अंतिम फेरीत पोचला होता. विजय आणि आनंद अमृतराज ऐन भरात. समोर दक्षिण आफ्रिका. आपण खेळलो नाही. कप त्यांना देऊन टाकला. तोवर भारताने तो कप कधीच जिंकला नव्हता, आजही जिंकलेला नाही. नकार असा असतो. त्याची किंमत देणाऱ्याच्या खिशातून जाते.

२०२५ मध्ये आपण काय केलं? ऑगस्टमध्ये क्रीडा मंत्रालयाने धोरण जाहीर केलं की पाकिस्तानशी दोन देशांमधली मालिका नाही, पण अनेक देशांच्या स्पर्धेत खेळायचं. म्हणजे सामना होणार, तिकिटं विकली जाणार, जाहिराती लागणार, गुण मिळणार. पंधरवड्यात तीन वेळा खेळलो, त्यात २८ सप्टेंबरचा अंतिम सामना. शेवटच्या षटकापर्यंत गेलेला, खरंच सुंदर सामना. आणि निषेधाचा सगळा भार टाकला तो अकरा पोरांच्या उजव्या हातावर. क्रिकेट मंडळाचा एक रुपया त्यात गेला नाही. पहलगामच्या दुःखाची ही किंमत मला फार कमी वाटते, जास्त नाही. हे मी भावाला सांगू शकलो नाही.

भाऊ म्हणतो, मैत्री नाही तर हात कशाला? अरे, तू खासबागेच्या सावलीत वाढलास. शाहू महाराजांच्या त्या मैदानात आबांनी आपल्या दोघांना खांद्यावर बसवून कुस्त्या दाखवल्या. जोड लागली की पैलवान आधी काय करतात? सलामी. हाताला हात लागतो आणि मगच मानेवर हात पडतो. समोरचा मित्र आहे म्हणून नव्हे, त्याच्याशी मी कुस्ती धरली आहे, तो माझ्या जोडीचा आहे, म्हणून. सलामी न देता अंगावर येणाऱ्या पैलवानाला आबा काय म्हणायचे ते तुला आठवत असेल. आणि कुस्ती धरायचीच नसेल तर आखाड्यात उतरायचं नाही, त्यात कमीपणा नाही.

आणि चेन्नई. ३१ जानेवारी १९९९, पाकिस्तानविरुद्धची कसोटी. मी अकरा वर्षांचा, तू आईच्या मांडीवर. सचिनची पाठ भरून आली होती, तरी १३६ काढल्या. तो बाद झाला तेव्हा सतरा हव्या होत्या आणि आपण बारा धावांनी हरलो. मी तालमीच्या ओट्यावर रडत होतो. टीव्हीवर चेपॉकचं सगळं मैदान उभं राहिलं आणि वासिम अक्रमचा संघ मैदानाला फेरी मारत असताना टाळ्या वाजवत राहिलं. दौऱ्याआधी दिल्लीत खेळपट्टी उखडली होती, वातावरण असं तापलेलं. आबा तेव्हा म्हणाले, "बघ, ह्यास्नी म्हणायचं पब्लिक." हॅमिल्टनच्या हॉलमध्ये आजोबांच्या मागे रांगेत उभा राहिलो तेव्हा मला पहिल्यांदा तो ओटा आठवला. म्हणजे हे माझ्याकडे इथून आलेलं नाही. मी येताना घेऊनच आलो होतो.

भावा, मी तिथे असतो तर हात मिळवला असता का, असं तू विचारलंस. मी सामनाच नको म्हटलं असतं, आणि माझ्या मागे चार माणसं उभी राहिली नसती तरी म्हटलं असतं. पण उतरलो असतो, तर मिळवला असता. आता पुढच्या स्पर्धेचं वेळापत्रक जाहीर होईल. त्यात हा सामना असेल तर त्याच दिवशी मंडळाला पत्र लिहू, सामना नको म्हणून. मसुदा मी करतो, सही तू पहिली कर.