आडात आहे, पोहऱ्यात नाही

चव अजून तोंडात आहे. दोनदा दात घासले, तरी जिभेच्या मुळाशी कुणीतरी जुनी उशी पेटवून विझवल्यासारखं वाटतंय.

सिगारेट सुटावी म्हणून मी ई-सिगारेट धरली. 'हिच्यात काही जळत नाही, नुसती वाफ होते,' हे तिचं सगळ्यात मोठं कौतुक. आणि गेले आठ दिवस मी तिच्यातून फक्त जळका कापूस ओढतोय. सिगारेट तर जळण्यासाठीच जन्माला आलेली. पण अठरा वर्षांत ती मला जळकट लागली ती एकदाच, घाईत उलट्या बाजूने पेटवली तेव्हा. तिचा एकही स्क्रू मला कधी आवळावा लागला नाही.

माझं यंत्र थेंबांचं. टाकीत द्रव भरून दिवसभर विसरून जाणारे सुखी लोक वेगळे. आमच्यात टोपी काढायची, कॉइलमधून, म्हणजे तापणाऱ्या तारेच्या वेढ्यांमधून, ओवलेल्या कापसावर वरून द्रवाचे थेंब टाकायचे, टोपी लावायची, तीन-चार झुरके घ्यायचे, की पुन्हा टोपी काढायची. टोपी लावली की आत किती उरलंय ते दिसत नाही. कमी पडलं तर कापूस जळतो. जास्त झालं तर आतून गुळगुळ आवाज येतो आणि गरम थेंब थेट ओठावर उडतो. या दोन्हींच्या मधला आकडा कुणालाच माहीत नाही, पण सांगतात सगळे. ज्या मित्राने मला या नादाला लावलं, तो सोमवारी म्हणाला, थेंब वाढव. बुधवारी म्हणाला, थेंब कमी कर, बुडतंय ते. शुक्रवारी म्हणाला, "तुझं ओढणंच चुकतंय." अठरा वर्षांच्या अनुभवी माणसाला हे ऐकून घ्यावं लागलं! कापसाची टोकं आखूड कापायचा सल्लाही त्याचाच, 'नीटनेटकं दिसतं' म्हणून. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तर काल रात्री नऊला जिन्यात उभा राहून, चांगले सहा थेंब मोजून टाकून, मी झुरका घेतला आणि घशात कुणीतरी काथ्याचा ब्रश फिरवला. डोळ्यांतून पाणी आलं. द्रवातलं ग्लिसरीन नको इतकं तापलं की त्यातून ॲक्रोलिन नावाचा वायू निघतो. कढईतलं तेल जळलं की घरभर नाकात झोंबतो, तोच. त्याच्या जोडीला करपलेला कापूस. असा हा दोन वासांचा संगम जिन्यातून वर गेला आणि वरच्या मजल्यावरचं दार उघडलं.

"कुणाची वायर जळतेय?"

वरचे काका. निवृत्त इलेक्ट्रिकल इंजिनीअर. सगळं आयुष्य मोटारींच्या वाइंडिंगमध्ये गेलेलं. लोक खिशाला पेन लावतात, काका टेस्टर लावतात. ते लगालगा खाली आले, जिन्यातल्या मीटरच्या पेटीसमोर उभे राहिले आणि मला म्हणाले, "बॅटरी धर."

मी धरली. आता इथे माझी चूक आहे, मान्य. तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं. पण उजव्या हातात, पाठीमागे, ते गरम यंत्र लपवलेलं आणि डाव्या हातात काकांची बॅटरी, अशा अवस्थेत खरं बोलायचं माणसाला सुचत नाही. काकांनी एकेक फ्यूज काढून हुंगला. खरोखर हुंगला. आठवा फ्यूज नाकाला लावून म्हणाले, "हा नाही." मग वळले, माझ्या चेहऱ्याजवळ आले आणि त्याच गांभीर्याने मला हुंगलं.

"वास तुझ्या तोंडाला येतोय."

पुढच्या पाचव्या मिनिटाला आम्ही माझ्या जेवणाच्या टेबलावर. दिवा ओढून खाली घेतलेला, काकांचा जाड भिंगाचा चष्मा आणि मधोमध माझं व्यसन, सुटे भाग होऊन पडलेलं. ही वस्तू कशाला वापरतात, हे त्यांनी विचारलं नाही. तब्येतीला वाईट आहे का, घरच्यांना माहीत आहे का, यातलं काही नाही. त्यांनी विचारलं, "ओहम किती?"

"अर्धा."

"अर्धा म्हणजे किती?"

अर्धा म्हणजे किती, या प्रश्नाला मला उत्तर सुचलं नाही. ते वर जाऊन मल्टिमीटर घेऊन आले. आकडा आला ०.८. मी मनातल्या मनात मित्राला शिव्या घालणार, तोच काकांनी मीटरच्या दोन्ही सुया एकमेकींना टेकवल्या. "हे बघ, नुसत्या वायरींचाच ०.३ आहे. वजा कर. ०.५. बरोबर आहे तुझं." इतक्या उशिरा रात्री कुणीतरी मला बरोबर म्हटलं, त्याने बरं वाटलं. पण ते टिकलं नाही.

"यातली भरलेली बॅटरी ४.२ व्होल्ट. मध्ये काही कंट्रोल सर्किट?"

"नाही. साधं आहे. बटण दाबलं की थेट."

"म्हणजे ८.४ अँपिअर." काकांनी वर्तमानपत्राच्या कोपऱ्यावर गणित मांडलं. "म्हणजे ३५ वॅट. अरे, माझं सोल्डरिंग आयर्न ३५ वॅटचं आहे. तू सोल्डरिंग आयर्न तोंडात धरून बसतोस आणि वर विचारतोस, जळकट का लागतं?"

मी म्हटलं, काका, सगळेच एवढ्यावर ओढतात. तर म्हणाले, "ओढत असतील. त्यांची वात ओली असेल."

वात! इतके दिवस मी आणि माझा मित्र 'विकिंग', 'विकिंग' करत होतो. काकांनी एका शब्दात त्याचा कंदील केला. मग केशाकर्षणावर दहा मिनिटं. हा शब्द मी शाळेत एकदा दोन गुणांसाठी लिहिला होता, त्यानंतर काल भेटला. द्रव कापसातून स्वतःच वर चढतो, पण त्याचा एक वेग असतो. ग्लिसरीन जास्त असलेला द्रव घट्ट, तो सावकाश चढतो. प्रोपिलीन ग्लायकॉल जास्त असेल तर पातळ, भरभर चढतो. वर तार जितक्या वेगाने उडवते, तितक्या वेगाने खालून पोचलं नाही, की वात स्वतःच जळायला लागते. याला आमच्यात 'ड्राय हिट' म्हणतात. काका म्हणाले, "याला रॉकेल संपणं म्हणतात."

ज्याच्यामुळे ही रात्र माझ्यावर आली, तो होन लिक हा चिनी औषधतज्ज्ञ. त्याच्या २००३ च्या मूळ आराखड्यात अल्ट्रासाउंडच्या कंपनांनी द्रवाची वाफ करायची अशी कल्पना होती. मग कुणाला तरी वाटलं, नुसत्या तारेनेच तापवू. ज्याला वाटलं त्याला एकदा आमच्या जिन्यात उभा करायचाय.

काकांनी चिमट्याने कापूस उपसला. उपसला म्हणजे अक्षरशः, कारण तो निघेना. "गादी भरलीस का?" कॉइलच्या आतला भाग कोळशासारखा काळा, बाहेरची टोकं मात्र पांढरीशुभ्र आणि कोरडी. खाली यंत्राच्या तळाशी असलेल्या ताटलीत द्रवाचं छोटंसं तळं साचलेलं. टोकं त्या तळ्याच्या वर, अंगठ्याच्या नखाएवढ्या अंतरावर, अधांतरी लटकत होती. नीटनेटकी.

काका बराच वेळ ते बघत राहिले. मग चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं म्हणतात ना? तुझ्या आडात आहे. पोहराच पोचत नाही."

आठ दिवस. एक अख्खी बाटली. मित्राची तीन प्रवचनं. आणि कारण काय, तर दोर आखूड.

एवढ्यावर थांबले असते तर मी आज त्यांच्याविषयी वेगळं लिहिलं असतं. पण काका रंगात आले होते. कापूस नसलेली कॉइल त्यांनी बटण टिचकीसारखं दाबून तापवली, तर डावीकडचा एकच वेढा आधी लाल. "हा एकटा राबतोय, बाकीचे बसून आहेत." चिमट्याने वेढे दाबून एकमेकांना टेकवले, पुन्हा दाबलं, तेव्हा लाली मधून सुरू होऊन दोन्ही टोकांकडे सारखी पसरली. तारेवर गोड द्रवातल्या स्वीटनरचं काळं कवच बसलेलं, तेही याच तापवण्यात उडालं. एका पायाचा स्क्रू सैल होता, तो आवळला. खोटं कशाला बोलू, मी भारावून बघत होतो. डब्यात कापसाचा शेवटचा तुकडा उरला होता. तो काकांनी ओवला, न घट्ट न सैल, ओढताना जरासा अडेल एवढाच. टोकं लांब ठेवून दोन्ही बाजूंनी ताटलीत बसवली. इतका सुंदर बसलेला कापूस मी आजवर पाहिला नव्हता. मी बाटलीचं झाकण उघडलं. थेंब टाकणार, तेवढ्यात काका म्हणाले, "थांब, आधी टेस्ट घेऊ," आणि त्यांनी बटण दाबलं.

"काका, तो कोर..."

"बघ बघ, लाल झाली! एकदम सारखी!"

पांढरा कापूस माझ्या डोळ्यांदेखत पिवळा झाला, तपकिरी झाला, काळा झाला. धुराची बारीक रेघ दिव्यापर्यंत गेली. माझ्या हातात बाटली तशीच उघडी. काकांनी बटण सोडलं, नाक वर केलं आणि दोनदा हुंगलं.

"पुन्हा तोच वास," ते म्हणाले. "म्हणजे दोष याच्यात नाही." टेस्टर खिशाला लावला, बॅटरी माझ्या हातात दिली आणि मीटरची पेटी पुन्हा एकदा बघायला जिन्यात गेले.